मिलाग्रीन ऊर्फ मिरा

गेल्या दिवाळीची गोष्ट. पहिल्या आंघोळीचा फराळ आटोपून मी दारात रांगोळीचे डबे आवरत होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या मिलाग्रीन मावशींची नात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचे भेंडोळे घेऊन आली.

"बाई, तुम्ही मराठी शिकवत होता. आजीचं एक ॲफिडेव्हिट लिहून द्या. वकील म्हणतात, हिचं नाव नेमकं काय ते आधी घरात ठरवून या."

भेंडोळे सोडले. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे. एवढ्या आयुष्याचे कागद त्यात होते. म्हापशाकडच्या चर्चमधला बाप्तिस्म्याचा उतारा होता, त्यावर पोर्तुगीज वळणाने 'मिलाग्रिना' लिहिलेले. बेळगावातल्या एका मराठी शाळेचा चौथीचा दाखला होता, त्यावर 'मिरा'. रेशनकार्डावर कन्नडात 'मिलग्रीन', मधला काना गळालेला. पासबुकावर इंग्रजीत दोन शब्द पाडून 'मिल ग्रीन', जणू एखाद्या गिरणीचे नाव. आणि आधार कार्डावर या सर्वांहून निराळे, 'मिलाग्रेन'. कागद पाच, नावे पाच, बाई एक. तेवढ्यासाठी पेन्शनचा अर्ज अडकून पडला होता.

सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरात असे भेंडोळे नाही? आपल्याकडे नाव मराठीतून इंग्रजीत जाते आणि इंग्रजीतून कन्नडात उतरते. या मधल्या मुक्कामात 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. वास्तविक ही दोन्ही अक्षरे कन्नडात मराठीइतकीच ठसठशीत आहेत. शेजारच्या घरी जायला सातासमुद्रापलीकडून वळसा घ्यावा, तसा हा प्रकार.

कागद घेतले, पण पोरगी उठेना. तिला सातवा महिना लागला होता. जरा वेळाने म्हणाली, "मुलगी झाली तर घरातल्या मोठ्या बाईचं नाव ठेवायची आमच्यात रीत आहे. पण हे नाव कसं ठेवायचं? शाळेत पोरं 'मिल ग्रीन' म्हणून चिडवतील. आणि खरं सांगू का बाई, या नावाचा अर्थ आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही."

संध्याकाळी मावशींनाच विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "अर्थ कसला? सायबिणीचं नाव ते. माझ्या आधीची दोन आईला लाभली नाहीत. तिसऱ्या वेळी तिनं म्हापशाच्या सायबिणीला तेल बोललं. मी जगले. म्हणून मिलाग्रीन."

सायबीण म्हणजे मालकीण, स्वामिनी. गोव्याचे ख्रिस्ती लोक येशूच्या मातेला याच नावाने हाक मारतात. मावशींचे उत्तर त्यांच्यापुरते पुरे होते. माझी मात्र झोप उडाली. चाळीस वर्षे ज्या बाईला हाक मारली, तिच्या नावाचा अर्थ आपण कधी विचारला नाही, ही मराठीच्या शिक्षिकेला शोभणारी गोष्ट नव्हती. त्यानंतरचे काही महिने मी या एका नावाच्या मागे लागले. हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

*

आपल्याकडे विष्णूची हजार नावे आहेत, देवीची हजार नावे आहेत, आणि मुलांची नावे आपण त्या कोठारातून काढतो. कॅथलिक पंथात येशूच्या मातेचीही अशी एक नामावळी आहे. इटलीतल्या लोरेटो या तीर्थक्षेत्रावरून तिला लोरेटोची लितानी म्हणतात. पोप पाचवे सिक्स्टस यांनी 1587 साली तिला मान्यता दिली. एकाने एक बिरुद म्हणायचे आणि बाकीच्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' असे पालुपद धरायचे. गोव्यातल्या घरांतून आणि क्रुसांपुढे जी 'लादाइन' होते, तिच्या पोटात हीच लितानी आहे. मावशींच्या घरी ती असते तेव्हा आम्हाला उकडलेल्या चण्यांची वाटी येते.

स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत मुलीचे नाव नुसते 'मारिया' न ठेवता तिच्या एखाद्या बिरुदासह ठेवण्याची प्रथा रुजली. दुःखांची मारिया, कृपेची मारिया, चमत्कारांची मारिया. बोलताना पुढे 'मारिया' गळून पडली आणि बिरुदच नाव झाले. दोलोरिस म्हणजे दुःखे. पिएदाद म्हणजे करुणा. रेमेदियुस म्हणजे उपाय. कोन्सेसांव म्हणजे गर्भधारणा, अर्थात मारियेची निष्कलंक गर्भधारणा. यांतली कितीतरी नावे बेळगावच्या कॅम्प भागात आपण ऐकलेली आहेत. अर्थ मात्र कधी विचारला नाही.

याच माळेतले एक नाव तर साऱ्या जगाच्या तोंडी आहे. मर्सेडीज. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ 'कृपा', आणि तेही मारियेचे बिरुद. बंदिवानांना खंडणी भरून सोडवून आणण्यासाठी 1218 साली बार्सिलोनात एक संघ स्थापन झाला, त्याची ही अधिष्ठात्री. विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने आपल्या मुलीचे हे नाव जर्मन मोटारीला दिले. आज रस्त्यावरून ती मोटार जाते तेव्हा एका देवमातेचे बिरुद जात असते, याची कोणाला कल्पनाही नसते.

काही बिरुदे गावांवरून आली. फ्रान्समधल्या लूर्द गावी 1858 साली, पोर्तुगालमधल्या फातिमा गावी 1917 साली मारियेने दर्शन दिले अशी श्रद्धा आहे. म्हणून लूर्द आणि फातिमा ही मुलींची नावे झाली. बेळगावच्या कॅथेड्रलचे नावही फातिमाच आहे. या गावाचे नाव मुळात अरबी, पैगंबरांच्या कन्येचे. म्हणजे बेळगावात एकाच वर्गात एक ख्रिस्ती फातिमा आणि एक मुसलमान फातिमा शेजारी बसल्या तर दोघींची नावे मुळात एकच ठरतात. माझ्या वर्गात एकदा अशा दोघी होत्या. हजेरी घेताना मी त्यांना 'पहिली' आणि 'दुसरी' म्हणायची. तेव्हा हे ठाऊक असते तर दोघींना उभे करून सांगितले असते.

*

आता आपल्या नावाकडे वळू. 'मिलाग्र' हा पोर्तुगीज शब्द. अर्थ चमत्कार. अनेकवचन 'मिलाग्रिस'. 'नोसा सेन्योरा दोस मिलाग्रिस' म्हणजे चमत्कारांची स्वामिनी. गोव्यात मिलाग्रिस हे नाव पुरुषही लावतात आणि बायकाही. त्याला स्त्रीलिंगी 'इना' जोडले की मिलाग्रिना होते. पुढे कोंकणीने शेवटचा स्वर उडवला आणि मिलाग्रीन झाली, जशी कातारिनाची कातरीन होते.

या पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिन. तिथे तो 'मिराकुलुम' असा आहे. इंग्रजीतला मिरॅकल त्यातूनच आला. लॅटिनमध्ये 'र' आधी आणि 'ल' नंतर. पोर्तुगीजात दोघांनी जागा बदलल्या, 'ल' पुढे आला आणि 'र' मागे गेला. आपले व्याकरणकार याला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्याकडेही हा खेळ चालतोच. बाजारात नुकसानीचे 'नुस्कान' होते, वाराणसीचे बनारस झाले, लखनौला खेड्यातले लोक नखलौ म्हणतात. तेव्हा रेशनकार्डावरच्या कारकुनाला मी मनातल्या मनात माफ केले. नावाची अक्षरे हलायला शेकडो वर्षांपूर्वीच सुरुवात झाली होती, त्याच्या हातून फक्त एक काना पडला.

मिराकुलुमच्याही मागे 'मिरुस' हे विशेषण आहे. अर्थ अद्भुत, नवलाचे. ते स्त्रीलिंगी केले की 'मिरा' होते. शाळेत गुरुजींना 'मिलाग्रिना' जमेना म्हणून त्यांनी दाखल्यावर 'मिरा' लिहून टाकले होते. न कळत त्यांनी नावाचे मूळच लिहिले म्हणायचे! अर्थात यावरून आपली मीराबाई लॅटिन होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असे होत नाही. सीमाभागात तर हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे, कारण इथे गावांच्या नावांवरून केवढे वाद झाले ते आपण पाहिले आहेत.

पण एक नाते मात्र खरे आहे, आणि ते भाषाशास्त्राने मानलेले आहे. लॅटिन मिरुसचा संबंध अभ्यासक एका प्राचीन धातूशी लावतात. हसणे आणि नवल वाटणे असे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात होते. संस्कृतात तो धातू 'स्मि' या रूपात आहे. त्यापासून स्मित झाले आणि विस्मयही झाला. इंग्रजीतले स्माइल याच कुळातले. कोंकणीत चमत्काराला 'विस्मीत' असाही शब्द आहे. एकीकडे पोर्तुगीज मिलाग्र आणि दुसरीकडे संस्कृत विस्मीत, हे दोन शब्द किती युगांपूर्वी वेगळे झाले असतील, आणि पुन्हा गोव्याच्या किनाऱ्यावर एकाच भाषेत, एकाच अर्थाने शेजारी येऊन बसले.

म्हणजे आपल्या मराठी घरांतली 'स्मिता' आणि कॅथलिक घरातली 'मिलाग्रीन' या दोघी एकाच धातूच्या लेकी. या वाक्यापाशी मी पेन खाली ठेवले होते. त्याचे कारण पुढे येईल.

*

मिलाग्रीन हे नाव इकडे आले ते म्हापशाहून. तिथले सेंट जेरोमचे चर्च 1594 सालचे. लोक मात्र त्याला मिलाग्रिस सायबिणीचेच चर्च म्हणतात. ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी, तिचे फेस्त भरते. त्या दिवशी रांगेत ख्रिस्ती जेवढे तेवढेच हिंदू असतात. सायबिणीला तेल वाहतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात आणि फेडतात.

म्हापशाच्या पूर्वेला डिचोली तालुक्यात शिरगाव आहे. तिथली लईराई देवी आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक आहे. वैशाख शुद्ध पंचमीला तिची जत्रा. हातात वेताची काठी घेऊन, व्रत पाळून आलेले 'धोंड' होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालत जातात. देवीला मोगऱ्याची फार आवड. बेळगाव-खानापूर भागातूनही माणसे या जत्रेला जातात.

गोव्यात अशी लोककथा आहे की सात बहिणी आणि त्यांचा एक भाऊ, खेतोबा, असे परमुलखातून आले. बहिणी निरनिराळ्या गावी राहिल्या. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला. आणि एक, मिराबाई, म्हापशाला. ती पुढे मिलाग्रिस सायबीण झाली. आजही लईराईच्या जत्रेला म्हापशाहून तेल येते आणि सायबिणीच्या फेस्ताला शिरगावहून मोगरीची फुले जातात, असे दोन्हीकडचे लोक सांगतात. बहिणी-बहिणींचे देणेघेणे.

लोककथा हा इतिहासाचा पुरावा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण या कथेच्या मागचा इतिहास पाहिला की तिचे मोल कळते. म्हापसा ज्या बार्देश प्रांतात आहे तो पोर्तुगीजांकडे 1543 साली गेला. त्यानंतरच्या काही दशकांत तिथली देवळे पाडली गेली. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन आले, ते मधला एक छोटा खंड सोडला तर 1812 पर्यंत होते. बाटलेल्या माणसांना नवी नावे मिळाली. कोणी पेद्रू झाला, कोणी आंतोन. ज्यांना धर्म सोडायचा नव्हता ते देव घेऊन नदीपलीकडे गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीजवळ नार्व्याला आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले.

शिरगाव मात्र या सर्व काळात बहुतांशी पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. आधी आदिलशाहीत, मग मराठ्यांकडे आणि सावंतवाडीकर भोसल्यांकडे. मधल्या काळात पोर्तुगीजांनी डिचोली घेतली, पुन्हा सोडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कायमची त्यांच्या ताब्यात गेली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे या दोन बहिणींच्या मधून सरहद्द जात होती. एकीकडे फिरंगी राज्य, दुसरीकडे देशी. एकीकडे नवस बोलायचा तर लॅटिन प्रार्थना, दुसरीकडे देवीचा कौल. आणि तरीही लोकांनी ठरवले की या बहिणीच आहेत.

यात सगळा गोडवा होता असे म्हणणे खोटे ठरेल. देवळे पडली होती, माणसे पांगली होती, नावे बदलली होती. मला वाटते, ज्यांचे गोत असे दुभंगले त्यांनीच ही कथा रचली असावी. भाऊबंद धर्माने तुटले, पण नाते तुटले असे कबूल करायला मन धजेना. तेव्हा देवांनाच नात्यात बांधले. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

भाषेचेही तसेच. याच काळात, 1616 साली, राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या पाद्रीने येशूची कथा मराठी ओव्यांत सांगितली, आणि ती चर्चमध्ये वाचली जाई. म्हणजे पोथी मराठीत होती, बाप्तिस्म्याचे नाव पोर्तुगीजात होते, आणि घरातली हाक कोंकणीत. एका माणसात तीन भाषा राहात. आपण आज मराठी, कन्नड, इंग्रजी करतो, ते काही नवे नाही.

*

मिलाग्रिस सायबीण गोव्यातच राहिली नाही. मंगळूरला 1680 साली बिशप तोमास द कास्त्रो यांनी तिचे चर्च बांधले, त्यासाठी जमीन केळदीच्या राणी चेन्नम्मांनी दिली होती. (आपल्या कित्तूरच्या राणी चेन्नम्मा वेगळ्या, त्या दीडशे वर्षांनंतरच्या.) ते चर्च टिपूने 1784 साली पाडले, पुढे पुन्हा उभे राहिले. आज मंगळूरचा तो भागच मिलाग्रिस या नावाने ओळखला जातो.

बेळगावात गोमंतकीय आले ते मुख्यतः पोटासाठी. 1832 साली इथे इंग्रजांची छावणी बसली. छावणीला पाववाला हवा, शिंपी हवा, स्वयंपाकी हवा, बँडवाला हवा. 1856 साली सेंट पॉल्स हायस्कूल निघाले. 1888 साली मुरगाव बंदराकडून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली आणि गोवा-बेळगाव हा घाटातला प्रवास सोपा झाला. 1953 साली तर बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांतच झाला.

मिलाग्रीन मावशी त्याच सुमारास, सात वर्षांच्या असताना, बेळगावला मामाकडे आल्या. मामाची पावाची भट्टी होती. म्हापशाला घरी खाणारी तोंडे जास्त, म्हणून एका मुलीला मामाकडे धाडली, एवढाच त्यामागचा विचार. चौथीपर्यंत मराठी शाळा झाली. आणि मग एकामागून एक दोन सरहद्दी त्यांच्या अंगावर आल्या. 1955 साली गोवा सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि भारत सरकारने गोव्याची सीमा बंद केली. जाणे-येणे जवळजवळ थांबले. पुढच्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मावशी म्हणतात, "मी भट्टीजवळच बसून होते बाई. गावं इकडची तिकडं जात होती."

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या फेस्ताला त्या म्हापशाला गेल्या. तेव्हा आईने सायबिणीपुढे पुन्हा तेल वाहिले. मुलगी दुसऱ्यांदा मिळाली म्हणून. आपल्या नावाची गोष्ट सांगताना मावशींचा आवाज एरवी स्थिर असतो, इथे मात्र हलतो.

*

आता माझे सांगते, कारण त्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

माझे माहेर निपाणी. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. माझ्या आईलाही आधीची मुले लाभली नव्हती. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्का देवीला तिने नवस केला. माघातल्या जत्रेला निपाणी-कोल्हापूरकडून बैलगाड्या जात, त्यांतल्या एका गाडीतून मला कुशीत घेऊन ती नवस फेडायला गेली. देवी कन्नड मुलखातली, भक्त निम्मे मराठी. माझे नाव ठेवले मायाक्का. 'अक्का' दोन्ही भाषांत चालते, कन्नडातही बहीण आणि मराठीतही बहीण. आपल्या भागात यल्लव्वा, यल्लूबाई, रेणुका, लगमव्वा अशा किती जणी आहेत. प्रत्येकीच्या मागे कोणा आईचा नवस आहे. मिलाग्रीन आणि मायाक्का यांत फरक एवढाच, की एकीच्या आईने तेल बोलले आणि दुसरीच्या आईने खणनारळ.

1973 साली लग्न होऊन मी बेळगावला आले. गृहप्रवेश झाला, ताटात तांदूळ पसरले गेले आणि अंगठीने त्यात नवे नाव लिहिले. स्मिता. सासरच्यांना मायाक्का हे नाव खेडवळ वाटले. मी तेव्हा काही बोलले नाही. खरे सांगायचे तर मला ते नाव आवडले होते. सुटसुटीत होते, सिनेमातल्यासारखे होते. शाळेत नोकरी लागली तीही त्याच नावावर. आई होती तोवर मायाक्का अशी हाक मारणारे कोणी होते. ती 1991 साली गेली आणि ते नाव बंद झाले.

मावशींचे कागद पुढ्यात घेऊन बसले असताना हे सगळे वर आले. मावशींच्या नावाची परक्यांनी मोडतोड केली. पण त्यांच्या समाजात लग्नानंतर आडनाव बदलते, बाप्तिस्म्याचे नाव बदलत नाही. पाच कागदांवर पाच प्रकारे चुकले तरी नाव तेच राहिले. माझे नाव सगळ्या कागदांवर अचूक, एकाही अक्षराची चूक नाही. पण आईने ठेवलेले नाव त्यांत कुठेच नाही. ते परक्यांनी नाही पुसले. घरच्यांनी, अक्षता टाकून, हौसेने पुसले, आणि मी हसून पाहात होते.

परभाषेत नाव बिघडले की आपण संतापतो, मोर्चे काढतो. ते योग्यच आहे. नाव आणि भाषा माणसाची आहेत, ती नीट लिहिली जावीत. पण आपल्याच घरातल्या किती मुलींची नावे आपण तांदळात बुडवली, त्याची नोंद कोणत्या दप्तरात करायची?

*

प्रतिज्ञापत्र मी लिहून दिले. पाचही नावे क्रमाने मांडली आणि खाली नेहमीचे वाक्य लिहिले : 'वर नमूद केलेली सर्व नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच आहेत.' नोटरीच्या कचेरीत कन्नड टायपिंग करणाऱ्या तरुणाने ती यादी वाचून डोके खाजवले आणि या नावाचा अर्थ काय असे विचारले. मी माझ्या मोडक्या कन्नडात 'आश्चर्य, देवरु माडिद आश्चर्य' असे काहीतरी सांगितले. त्याचा चेहरा एकदम उजळला. "अंद्र, पवाड!"

खरेच की. कन्नडात चमत्काराला 'पवाड' म्हणतात. मराठीत पवाडा म्हणजे पराक्रमाची कीर्ती, आणि तीच गाणारा पोवाडा. त्याने टाईप करताना प्रत्येक अक्षर मला वाचून दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा मावशींचे नाव कन्नडात काना-वेलांटीसकट बरोबर उमटले. अर्थ कळल्यावर माणूस अक्षरे जपून लिहितो, एवढे मी त्या दिवशी शिकले. पेन्शन पुढे दोन महिन्यांनी सुरू झाली.

नातीला मुलगी झाली. सगळा शोध मी तिला सांगितला होता. म्हापसा, शिरगाव, मोगरीची फुले, तेल, लॅटिन, संस्कृत, सगळे. तिने नीट ऐकून घेतले. तरी पोरीचे हाक मारायचे नाव आजकालच्या पद्धतीचे, दोन अक्षरीच ठेवले. पण बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्यापुढे 'मिलाग्रिना' असे लिहिले आहे. मी हट्ट धरला नाही. नाव आईने ठेवायचे असते.

बाप्तिस्म्याचे जेवण झाल्यावर मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझ्या नावामागं एवढं हिंडलात. तुमचं माहेरचं नाव काय होतं, ते चाळीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही."

मी सांगितले. त्यांनी ते एकदा मनात घोळवले, मग मोठ्याने म्हणून पाहिले, आणि पुन्हा एकदा म्हणाल्या.

तेव्हापासून गल्लीत त्या मला बाई म्हणत नाहीत. मायाक्का म्हणतात.